अर्धा संवाद : युरोपांतील स्त्रियांचीं पत्रें

पत्र हा लेखनाचा सर्वांत साधा प्रकार, अशी आपली समजूत असते. ग्रंथ लिहावयाचा तर विद्वत्ता हवी, काव्य करावयाचें तर प्रतिभा हवी, इतिहास लिहावयाचा तर साधनें हवींत. पत्राला मात्र थोडा कागद, थोडी शाई आणि दूर असलेलें एखादें माणूस एवढें असलें म्हणजे पुरे. म्हणूनच वाङ्मयाच्या पंगतींत पत्रांस मानाचें पान सहसा मिळत नाहीं. परंतु इतिहासांत असेही काळ येऊन गेले आहेत कीं, ज्या काळीं समाजाच्या अर्ध्या भागाला विद्यापीठाचें दार बंद होतें, सभेचें बंद होतें, धर्मपीठाचें बंद होतें, आणि ग्रंथाचें दार उघडलें तरी तें लोकापवाद पत्करूनच उघडावें लागे. अशा वेळीं उघडी राहिली होती ती पत्राची खिडकी. सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोप हा अशा काळांपैकीं एक होय. त्या खिडकींतून तेथील स्त्रियांनीं काय पाहिलें, आपला आवाज कोठवर पोंचविला, आणि त्या आवाजापैकीं आज आपल्या कानांवर किती येतो, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

दारें बंद होतीं म्हणजे काय, तें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १६३६ सालीं नेदरलंड्समधील उट्रेख्ट या शहरीं नवें विद्यापीठ स्थापन झालें. त्या शहरांत आना मारिया व्हान स्खुरमान नांवाची अठ्ठावीस वर्षांची एक स्त्री राहात होती. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा तिला उत्तम अवगत होत्या. अरबी, सिरियाक, इतकेंच काय पण इथिओपियाची प्राचीन भाषादेखील तिनें अभ्यासिली. विद्यापीठाच्या उद्घाटनासाठीं लॅटिन काव्य रचण्याची विनंती तिला करण्यांत आली आणि तिनें तें रचिलें. त्या काव्यांतच, या विद्यामंदिरांत स्त्रियांस प्रवेश नाहीं, याबद्दलची खंत तिनें नमूद करून ठेविली. पुढें व्होएटियस या प्राध्यापकाच्या अनुमतीनें तिला व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. परंतु तीं ऐकावयाचीं तीं विद्यार्थ्यांच्या दृष्टीस न पडतां, पडद्याआडच्या बंदिस्त जागेंत बसून. ज्या विद्यापीठाचें स्वागतगीत तिनें लिहिलें, त्याच विद्यापीठांत तिला उघडपणें बसण्यास जागा नव्हती.

अशा स्त्रीनें आपल्या विद्येचें करावें तरी काय? अध्यापन करतां येत नाहीं, पदवी मिळत नाहीं, शास्त्रार्थाच्या सभेंत उभें राहतां येत नाहीं. तिनें पत्रें लिहिलीं. आन्द्रे रिव्हे या प्रख्यात धर्मशास्त्रज्ञाशीं तिनें पत्रांतूनच वाद मांडला. वादाचा विषय असा कीं, ख्रिस्ती स्त्रीनें विद्याभ्यास करणें युक्त आहे किंवा नाहीं. रिव्हेनें तिच्या बुद्धीची मुक्तकंठानें स्तुति केली. मात्र तिच्यासारखी एखादीच असावयाची, सर्व स्त्रियांस हा मार्ग खुला करणें इष्ट नव्हे, असा त्याचा अभिप्राय पडला. अपवादाचें कौतुक करून नियम जसाच्या तसा ठेवावयाचा, ही युक्ति आपणांसही अपरिचित नाहीं. हा पत्रव्यवहार १६३८ सालीं पॅरिस येथें छापला गेला. १६४१ सालीं तिचा या विषयावरील लॅटिन निबंध प्रसिद्ध झाला. आणि १६४८ सालीं लॅटिन, ग्रीक, हिब्रू व फ्रेंच या चार भाषांतील तिच्या लेखनाचा संग्रह निघाला. त्या संग्रहाचा मोठा भाग पत्रांनींच व्यापलेला आहे.

त्या काळचे विद्वान आपल्या पत्रव्यवहाराच्या मंडळास ‘विद्येचें गणराज्य’ असें अभिमानानें म्हणत. त्याला राजा नव्हता, सरहद्द नव्हती. उत्तम लॅटिन आणि उत्तम शिष्टाचार एवढ्या भांडवलावर कोणीही त्याचा नागरिक होई. स्खुरमान या गणराज्यांत शिरली एवढेंच नव्हे, तर तिनें त्यांत स्त्रियांची एक आळीच वसविली. पॅरिसमध्यें वृद्ध मारी द गुर्ने होती. माँतेन्यच्या निबंधांची १५९५ ची आवृत्ति जिनें काढली व स्त्रीपुरुषांच्या समतेवर १६२२ सालीं जिनें पुस्तक लिहिलें, ती ही. इंग्लंडांत बाथसुआ मेकिन ही शिक्षिका होती. तिला स्खुरमान ग्रीक भाषेंत पत्रें लिही. हेग शहरीं एक निर्वासित राजकन्या होती. तिच्याकडे आपण लवकरच वळणार आहों. एकीच्या पत्रानें दुसरीची ओळख व्हावी, दुसरीच्या शिफारशीनें तिसरीकडे ग्रंथ जावा, अशा रीतीनें हें जाळें विणलें जात होतें.

आतां हीं पत्रें जात कशीं, तेंही थोडें पाहिलें पाहिजे. कारण टपालाची व्यवस्था समजल्यावांचून त्या काळच्या पत्राचें मोल समजत नाहीं. जर्मन साम्राज्यांत टाक्सिस या घराण्यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस घोडेस्वारांची टपालसेवा सुरू केली होती. ठराविक अंतरावर चौक्या, प्रत्येक चौकीवर ताजा घोडा, आणि या स्वाराच्या हातून त्या स्वाराच्या हातीं जाणारी थैली, अशी तिची रचना होती. आरंभीं ती राजांच्या खलित्यांसाठीं होती. पुढें सामान्य जनांचीं पत्रेंही त्या थैलींत पडूं लागलीं. इंग्लंडांत पहिल्या चार्ल्स राजानें १६३५ सालीं राजाचें टपाल प्रजेस खुलें केलें. जेथें टपाल पोंचत नसे तेथें गाडीवान, व्यापारी, प्रवासी, नोकर, जो कोणी त्या दिशेनें जाईल त्याच्या हातीं पत्र द्यावयाचें आणि देवावर हवाला ठेवून बसावयाचें.

तिकिटें नव्हतीं, तीं १८४० सालीं निघालीं. टपालाचा आकार बहुधा पत्र घेणारानें भरावयाचा असे, आणि तो अंतर व कागदांची संख्या यांवर ठरे. पाकिटाचीही सर्रास चाल नव्हती. लिहिलेल्या कागदालाच घड्या घालावयाच्या, कधीं त्याला चीर पाडून त्याच कागदाची बारीक पट्टी तींतून ओवावयाची, आणि वर लाख लावून मोहोर उठवावयाची; म्हणजे कागद फाडल्यावांचून पत्र उघडतां येऊं नये. इतक्या कडेकोट बंदोबस्ताला कारणही तसेंच होतें. सरकारी माणसें टपालाच्या कचेऱ्यांतून पत्रें फोडून वाचीत. आणि घरांत बापाची, भावाची, नवऱ्याची दृष्टि असे. उलटपक्षीं, हवें तेथें पोंचलेलें पत्र पुष्कळदां चारचौघांत मोठ्यानें वाचलें जाई, त्याच्या नकला होत आणि त्या हातोहात फिरत.

म्हणजे पत्र हें धड खाजगीही नव्हतें आणि धड जाहीरही नव्हतें. या मधल्या जागेंतच स्त्रियांना लिहिण्याचें स्वातंत्र्य सांपडलें. ग्रंथ छापणारी स्त्री मर्यादा सोडणारी ठरे. पत्र लिहिणारी स्त्री आपलें कर्तव्य करणारी ठरे. कुशल विचारणें, सोयरिकी जुळविणें, कर्जाला मुदत मागणें, मुलांस उपदेश करणें, हीं सगळीं गृहिणीचींच कामें. आणि त्या कामांच्या ओळींमधून तत्त्वज्ञान, राजकारण व शास्त्र हीं हळूच आंत येत.

याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वर उल्लेखिलेली निर्वासित राजकन्या. तिचें नांव एलिझाबेथ. तिचा जन्म १६१८ सालीं हायडेलबर्ग येथें झाला. तिचा बाप पांचवा फ्रेडरिक हा ऱ्हाइनकांठच्या पॅलॅटिनेट प्रांताचा अधिपति. त्यानें बोहेमियाचा राजमुकुट स्वीकारिला आणि तो अवघा एक हिवाळा त्याच्या मस्तकावर टिकला. १६२० सालीं प्रागजवळच्या लढाईंत पराभव होऊन तो त्या राज्यास मुकला, पुढें वडिलार्जित प्रांतही हातचा गेला, आणि कुटुंब हेग येथें आश्रितासारखें येऊन राहिलें. आई इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाची कन्या. म्हणजे घराणें मोठें, अपेक्षा मोठ्या आणि पदरीं पैसा नाहीं, अशी स्थिति. एलिझाबेथचा प्राचीन भाषांचा व्यासंग इतका कीं, भावंडें तिला ‘ग्रीक बाई’ म्हणूनच चिडवीत. पोलंडच्या राजाशीं तिच्या विवाहाचें बोलणें निघालें होतें. परंतु त्यासाठीं धर्मपंथ बदलावा लागणार होता, आणि तें तिनें मान्य केलें नाहीं.

१६४१ सालीं फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याचा ‘मेडिटेशन्स’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मन आणि शरीर हीं दोन अगदीं निराळीं द्रव्यें आहेत. मनाचा धर्म विचार, शरीराचा धर्म विस्तार, हा त्यांतील एक मुख्य सिद्धान्त. देकार्त त्या वेळीं नेदरलंड्समध्येंच राहात होता. एलिझाबेथनें तो ग्रंथ वाचला, आणि त्याची भेट हुकली म्हणून १६४३ च्या मे महिन्यांत त्यास पत्र लिहिलें. ती तेव्हां चोवीस वर्षांची होती. देकार्त सत्तेचाळीस वर्षांचा, युरोपभर कीर्ति पावलेला. पत्राची भाषा अत्यंत विनयाची आहे; परंतु विनयाच्या वेष्टनांत जो प्रश्न गुंडाळला आहे तो मुळींच मऊ नाहीं. मन जर केवळ विचाररूप असेल, त्याला लांबी-रुंदी कांहींच नसेल, तर तें शरीराला हालवितें कसें? एक वस्तु दुसरीला ढकलते ती स्पर्शानें, आणि स्पर्शाला विस्तार लागतो. मग ज्याला विस्तारच नाहीं त्यानें हात उचलावा कसा?

देकार्तचें उत्तर त्याच महिन्यांत आलें. आपण जें आजवर छापलें तें वाचून जो प्रश्न सर्वांत अधिक न्याय्यपणें विचारतां येईल, तोच आपण विचारलात, अशी त्यानें मोकळी कबुली दिली. मन व शरीर यांचा संयोग ही एक स्वतंत्र, मूलभूत कल्पना आहे असें सांगून त्यानें जडत्वाचा दृष्टान्त दिला : जडपणा दगडाला खालीं नेतो तेव्हां तो त्याला कोठें स्पर्श करतो, असें आपण विचारीत नाहीं. एलिझाबेथचें समाधान झालें नाहीं. जूनमध्यें तिनें लिहिलें कीं, घरच्या कामांचा आणि लोकाचाराचा व्याप मागें असल्यामुळें आपली बुद्धि कदाचित् मंद झाली असेल. तथापि अमूर्त वस्तु मूर्त शरीराला हालविते हें मानण्यापेक्षां मनालाच कांहीं विस्तार आहे असें मानणें आपणांस सोपें वाटतें. दोष स्वतःकडे घ्यावयाचा, परंतु मुद्दा मात्र सोडावयाचा नाहीं, ही तिची रीत सर्व पत्रांत दिसते. शेवटीं देकार्तनें असा सल्ला दिला कीं, मनाशरीराचा हा संयोग तत्त्वचिंतनानें नव्हे, तर नित्याच्या जगण्यानें व संभाषणानेंच अधिक कळतो. आपण स्वतःही अशा शुद्ध चिंतनास वर्षांतून थोडेच तास देतों. जुलैमधील उत्तरांत राजकन्येनें पुन्हां सांगितलें कीं, इंद्रियांमुळें हा संयोग घडतो एवढें कळतें. कसा घडतो तें कळत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर देकार्तला साधलें नाहीं, आणि तत्त्वज्ञानांत तो आजही खळखळ करीत राहिलेला आहे. परंतु पत्रें थांबलीं नाहींत. देकार्तनें घातलेला तीन वर्तुळांचा एक कूट भूमितिप्रश्न तिनें बीजगणितानें सोडविला. १६४४ सालीं निघालेला ‘तत्त्वज्ञानाचीं मूलतत्त्वें’ हा ग्रंथ त्यानें तिलाच अर्पण केला. १६४५ सालीं ती ज्वरानें व कोरड्या खोकल्यानें बेजार असतां त्यानें लिहिलें कीं, या दुखण्याचें मूळ मनाच्या दुःखांत आहे. तेव्हां सुखाच्या स्वरूपावर आपण दोघे विचार करूं आणि त्यासाठीं सेनेका वाचूं. येथेंही एलिझाबेथनें नुसती मान डोलविली नाहीं. सुख आपल्या इच्छेवर अवलंबून आहे हें ठीक. परंतु कित्येक रोग असे असतात कीं, ते विचार करण्याची शक्तिच हिरावून घेतात. मग त्या माणसानें विचारानें सुखी कसें व्हावें? हा प्रश्न आरामखुर्चींत बसून सुचणारा नव्हे. पुढें तिनें देकार्तला विनंति केली कीं, मनोविकारांची नीट व्याख्या करून द्यावी. त्यावरून त्यानें एक टांचण तयार केलें, तिनें तें वाचून आक्षेप कळविले, आणि त्याचीच परिणति १६४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मनोविकार’ या त्याच्या अखेरच्या ग्रंथांत झाली. १६४६ नंतर कौटुंबिक कलहामुळें एलिझाबेथला हेग सोडून जर्मनींतील आप्तांकडे जाऊन राहावें लागलें. तेव्हां कांहीं काळ पत्रें पोंचविण्याचें काम तिची धाकटी बहीण सोफी हिनें केलें. जाळें म्हणावयाचें तें हेंच : एक बहीण लिहिते, दुसरी पोंचविते.

आतां या पत्रांचें पुढें काय झालें तें ऐका. १६५० च्या फेब्रुवारींत देकार्त स्टॉकहोम येथें वारला. तेथील फ्रेंच वकील शानू यास त्याच्या कागदपत्रांत एलिझाबेथचीं पत्रें सांपडलीं. स्वीडनची राणी क्रिस्तीना हिला तीं दाखवावींत, म्हणजे दिवंगत मित्राचाही गौरव होईल, असें त्याच्या मनांत आलें. परंतु एलिझाबेथनें नकार दिला आणि आपलीं पत्रें परत मागून घेतलीं. यांत तिचा लहरीपणा नव्हता. पहिल्याच पत्रांत तिनें देकार्तला आपल्या आत्म्याचा वैद्य म्हटलें होतें, आणि वैद्यकाच्या शपथेप्रमाणें आपली दुखणीं जाहीर करूं नयेत असें बजावलें होतें. वैद्य गेला, परंतु रोग्याची अट कायम होती.

परिणाम असा झाला कीं, १६५७ पासून देकार्तचीं पत्रें छापून निघालीं, तेव्हां त्यांत एलिझाबेथला लिहिलेलीं पत्रें होतीं, एलिझाबेथनें लिहिलेलीं नव्हतीं. उत्तरें छापलीं गेलीं, प्रश्न राहिले. दोन शतकांहून अधिक काळ युरोप तिला ओळखीत होता तो एक सुशील राजकन्या, एका थोर पुरुषाची कृतज्ञ शिष्या म्हणून. एकोणिसाव्या शतकांत नेदरलंड्समधील आर्नहेमजवळच्या रोझेंडाल या वाड्याच्या ग्रंथसंग्रहांत तिच्या पत्रांच्या नकला सांपडल्या, आणि १८७९ सालीं फूशे द कारेय या फ्रेंच संशोधकानें त्या प्रसिद्ध केल्या. तेव्हां कोठें कळलें कीं, ज्या शिष्येला गुरु इतक्या अदबीनें उत्तरें देत होता ती त्याची परीक्षक होती. आज मन व शरीर यांच्या संबंधाचा प्रश्न शिकवितांना देकार्तच्या नांवाबरोबर तिचें नांव घेतलें जातें. तें त्या सुमारें पंचवीस पत्रांच्या बळावर.

अर्धा संवाद हरपण्याचा हा प्रकार एकट्या एलिझाबेथच्याच वांट्याला आला असें नाहीं. कधीं स्त्रीची बाजू हरपली, कधीं पुरुषाची; परंतु दोन्ही बाजू जागच्या जागीं आहेत असें क्वचितच आढळतें.

गॅलिलिओची थोरली मुलगी व्हर्जिनिया ही तेराव्या वर्षीं फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील मठांत गेली आणि १६१६ सालीं व्रत घेऊन मारिया चेलेस्ते झाली. बापाला तिनें लिहिलेलीं १२४ पत्रें उपलब्ध आहेत. तीं १६२३ ते १६३३ या काळांतील. बापाच्या कॉलरी धुवून, शिवून पाठविणें, त्याच्यासाठीं लिंबाच्या जातीच्या फळाचा मुरंबा करणें, त्याच्या लेखांच्या स्वच्छ प्रती काढणें, मठाच्या अठराविश्वें दारिद्र्यासाठीं चार पैसे मागणें, असा त्या पत्रांचा संसार आहे. १६३३ सालीं पृथ्वीच्या भ्रमणाच्या सिद्धान्तावरून रोम येथें गॅलिलिओवर खटला चालला, तेव्हां हीच मुलगी मठाच्या भिंतीआडून त्याच्या घराचा कारभार पाहात होती : दारूचीं पिंपें, बागेंतील लिंबें, नोकरांचा खर्च, सगळ्याचा हिशेब पत्रांतून जात होता. शिक्षा म्हणून त्यानें प्रति आठवड्याला प्रायश्चित्ताचीं सात स्तोत्रें म्हणावयाचीं होतीं. तीं म्हणण्याचा भार तिनें आपल्या शिरावर घेतला. १६३४ च्या एप्रिलांत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, ती वारली. बापानें तिचीं पत्रें जपून ठेविलीं. त्यानें तिला लिहिलेल्या पत्रांपैकीं मात्र एकही उरलें नाहीं. धर्मपीठानें दोषी ठरविलेल्या माणसाचे कागद जवळ ठेवण्याच्या भीतीनें तीं मठांतच नष्ट केलीं गेलीं असावींत, असें मानतात.

फ्रान्सची मादाम द सेव्हीन्ये ही तर पत्रवाङ्मयाची सम्राज्ञीच मानली जाते. १६५१ सालीं नवरा द्वंद्वयुद्धांत मारला गेल्यामुळें ती पंचविसाव्या वर्षीं विधवा झाली. १६७१ च्या फेब्रुवारींत तिची मुलगी नवऱ्याच्या घरीं, दूर दक्षिणेस प्रोव्हांस प्रांतांत गेली, आणि त्या दिवसापासून आईच्या लेखणीला खळ राहिला नाहीं. मुलगी सासरीं गेल्याचें दुःख हें आपल्या ओव्यांनाही परकें नाहीं; या आईनें त्या दुःखाला टपालाच्या दिवसांवर बांधून टाकिलें. लेकीसाठीं तिनें दरबारच्या बातम्या लिहिल्या, नाटकें व प्रवचनें लिहिलीं, मासे वेळेवर न आल्यामुळें जीव देणाऱ्या वातेल या खानसाम्याची हकीकत लिहिली. तिचीं अकराशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत, आणि चौदाव्या लुईच्या काळाचा इतिहास त्यांच्यावांचून लिहितां येत नाहीं. परंतु मुलीनें काय उत्तर दिलें? तें आपणांस ठाऊक नाहीं. आईची पत्रें नातीच्या संमतीनें छापलीं गेलीं. मुलीचीं पत्रें घरच्यांनींच नष्ट केलीं. आईच्या वाक्यांवरूनच, भिंतीपलीकडचें बोलणें ताडावें तसें, लेकीचें उत्तर ताडावें लागतें.

इंग्लंडांत डॉरथी ऑसबोर्न हिनें १६५२ ते १६५४ या दोन वर्षांत आपला भावी पति विल्यम टेंपल यास लिहिलेलीं सुमारें सत्याहत्तर पत्रें आहेत. घर राजपक्षाचें आणि यादवींत खचलेलें, भावाचा या विवाहाला कडवा विरोध, आजारी बापाची शुश्रूषा अंगावर. अशा स्थितींत आठवड्याच्या वाहकाबरोबर तिचें पत्र लंडनला जाई. तीं पत्रें १८८८ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. टेंपलच्या पत्रांपैकीं एखादेंच शिल्लक आहे. या डॉरथीच्या पत्रांत एक मौजेची गोष्ट आढळते. त्याच सुमारास मार्गारेट कॅव्हेंडिश या उमराव स्त्रीनें आपल्या कविता छापल्या. तें पुस्तक पाहिल्यावर डॉरथीनें लिहिलें कीं, वेड्यांच्या इस्पितळांत याहून शहाणीं माणसें सांपडतील. स्वतः इतकें सुंदर गद्य लिहिणारी स्त्री दुसरीला पुस्तक छापल्याबद्दल वेडी ठरविते! व्हर्जिनिया वुल्फ हिनें १९२९ सालीं नेमकें यावरच बोट ठेविलें : पुस्तक लिहिणें हें स्त्रीस लांच्छन होतें, पत्रें मात्र लेखनांत जमाच नव्हतीं, म्हणून तीं लिहितां आलीं. जें लेखन कोणी हिशेबांत धरीत नव्हतें, त्यांतच तें घडलें. आणि हिशेबांत धरीत नव्हते म्हणूनच त्यापैकीं पुष्कळसें जळून गेलें.

आतांपर्यंत राजकन्या, उमरावांच्या स्त्रिया आणि विदुषी यांचाच उल्लेख झाला. साध्या घरच्या स्त्रियांचें काय? त्यांतील अनेकींना लिहितां येत नसे. त्या दुसऱ्याकडून लिहवून घेत. अशांचीं पत्रें वाचून होतांच चुलींत जात किंवा पुडीस लागत. तरी दैवयोगानें एक पेटी उरली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हेग येथें सिमोन द ब्रिएन आणि त्याची पत्नी मारी जर्में हीं टपालकचेरी चालवीत होतीं. जें पत्र घेणारा सांपडत नसे, किंवा पैसे भरण्यास नाकबूल होई, तें तीं एका पेटींत टाकीत. मागेंपुढें कोणी येऊन पैसे देईल ही आशा. १६८९ ते १७०६ या काळांतील अशीं सुमारें २,६०० पत्रें त्या पेटींत सांपडलीं, आणि त्यांतील सुमारें सहाशें अद्याप न उघडलेलीं आहेत. २०२१ सालीं संशोधकांनीं क्ष-किरणांच्या यंत्रानें एका बंद पत्राची मोहोर न फोडतां आंतील मजकूर वाचून दाखविला. उघडलेल्यांपैकीं एक पत्र एका स्त्रीनें हेगच्या एका धनिक व्यापाऱ्यास लिहिलेलें आहे. तिची मैत्रीण, एक गायिका, हेग सोडून पॅरिसला गेली होती. ती गरोदर होती आणि परत येण्यास तिच्याजवळ पैसे नव्हते. व्यापाऱ्यानें तें पत्र घेतलेंच नाहीं, म्हणून तें आपल्यापर्यंत पोंचलें. तें त्यानें घेतलें असतें, तर त्या मैत्रिणीचें कदाचित् भलें झालें असतें, आणि आपणांस मात्र तिच्याविषयीं कांहींच कळलें नसतें. पोंचलेलीं पत्रें नष्ट झालीं. न पोंचलेलीं राहिलीं.

या सर्वांवरून काय निष्पन्न होतें? स्त्रियांनीं त्या काळीं विचार केला नाहीं, वाद केला नाहीं, शास्त्र जाणलें नाहीं, असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तो बहुधा उरलेल्या कागदांकडे बोट दाखवीत असतो. परंतु कागद उरणें हें लिहिणाराच्या योग्यतेवर अवलंबून नसतें. तें ठेवणाराच्या मर्जीवर अवलंबून असतें. देकार्तचीं उत्तरें जपण्याजोगीं आहेत याविषयीं १६५७ सालीं कोणास शंका नव्हती. एलिझाबेथचे प्रश्नही तितकेच जपण्याजोगे होते, हें कळण्यास १८७९ साल उजाडावें लागलें.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. एलिझाबेथनें आपलीं पत्रें दाखवूं नका असें स्पष्ट सांगितलें होतें. मग तीं आपण वाचावींत काय? हा प्रश्न सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं. जिवंतपणीं तिचा नकार मान्य करणें हेंच योग्य होतें. पत्र फोडणाऱ्या कचेऱ्यांच्या त्या युगांत तो तिच्या हातचा एकच अधिकार होता. परंतु तिनें पत्रें परत मागितलीं, जाळलीं असें नव्हे. त्यांच्या नकला कोणीतरी काढल्या व ठेविल्या. आणि तिच्या मृत्यूनंतर दोनशें वर्षांनीं आपण तीं वाचलीं नसतीं, तर तिच्यावरची मूक शिष्येची मुद्रा कायमची राहिली असती. लाज झांकण्यासाठीं मागितलेलें मौन आणि अन्यायाला पांघरूण घालणारें मौन, यांत कांहीं काळ गेल्यावर फरक करावा लागतो.

एलिझाबेथ पुढें १६६७ सालीं जर्मनींतील हेरफोर्डच्या धर्मसंस्थेची अधिकारिणी झाली. १६७० सालीं आपल्या धर्मपंथासह आश्रय शोधीत एक वृद्ध होऊं लागलेली विदुषी तेथें आली. ती आना मारिया व्हान स्खुरमान. तीस वर्षांपूर्वींच्या पत्रांची मैत्री अशी कामास आली. नगरवासीयांचा विरोध असतांही राजकन्येनें तिला ठाव दिला. उट्रेख्टच्या विद्यापीठांत जिला पडदा मिळाला, तिला येथें दार मिळालें. १६८० सालीं एलिझाबेथ वारली. तोंवर पहिल्या पत्राला सदतीस वर्षें होत आलीं होतीं.

अशा पत्रांच्या पेट्या राजवाड्यांतच असतात असें नाहीं. घर बदलतांना, माळा साफ करतांना, एखाद्या आजीचा अगर आत्याचा जीर्ण गठ्ठा हातीं येतो, आणि त्यांत हिशेब, आजार व लोणच्यांचे बेत यांपलीकडे काय असणार, म्हणून तो रद्दींत जातो. मारिया चेलेस्तेच्या पत्रांतही हिशेब, आजार आणि मुरंबेच आहेत. गठ्ठा रद्दींत घालण्यापूर्वीं तो एकदां उघडून वाचावा, आणि त्याच्या उत्तराचीं पत्रें कोणाच्या घरीं असतील त्याचीही चौकशी करावी, इतकीच आजच्या श्रोत्यांस विनंति आहे.